मशीन तठी, वावर अठी

एका ताईंनी विचारलं आहे: "मी शहाद्याकडच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. फळपीक विम्यावर पीएच.डी. केली, दीडशे केळी उत्पादकांच्या मुलाखती हाताशी आहेत. आपल्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यापीठातलं संशोधन राष्ट्रीय धोरणापर्यंत खरंच पोचतं का, की तिथे दिल्लीतल्या चार संस्थांचंच ऐकलं जातं? आणि पोचवायचं तर नेमकं काय करायचं? मराठीत लिहिलेलं कुणी वाचतं का?"

ताई, संशोधन पोचतं. प्रबंध पोचत नाही. हा फरक कळायला माझ्या नोकरीची पहिली बारा वर्षं गेली.

माझा पहिला मोठा अहवाल तीनशे पानांचा होता. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. एका सरकारी कार्यालयात तो मी स्वतः नेऊन दिला, चहा घेतला, खुशीत परत आलो. वर्षभराने पुन्हा त्याच टेबलासमोर बसलो, तर पंख्याच्या वाऱ्याने सुटे कागद उडू नयेत म्हणून त्यावर तो ठेवलेला. माझा चेहरा पाहून अधिकारी जरा ओशाळले. मग म्हणाले, "सर, यातलं कोणतं वाक्य उचलून मी टिपणीत घालू? पान सांगा. आणि ते कोणत्या योजनेच्या कोणत्या कलमाला लागतं, तेही सांगा." मला पान सांगता आलं नाही. कलम तर मी वाचलेलंच नव्हतं.

तुमचा विषय विम्याचा आहे, म्हणून त्याच वाटेने जाऊ. तुमच्या शंकेचं उत्तरही त्याच विषयाच्या इतिहासात आहे. जळगाव जिल्ह्यातल्या रावेरच्या शेतकऱ्याला आज भरपाई मिळते की नाही, हे ज्या तत्त्वावर ठरतं ते पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मांडलं गेलं. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. गरिबीच्या मोजमापावरचं त्यांचं नीलकंठ रथांसोबतचं १९७१ चं काम अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेलं असतं. पीक विम्यावरचं १९७६ चं काम मात्र आपल्याकडे फारसं शिकवलं जात नाही.

तेव्हा अडचण अशी होती. १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ कापसावर प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं मोजून विमा द्यायचा प्रयोग सुरू झाला. तो १९७८ पर्यंत रखडत चालला. शेतकरी सहभागी झाले ३,११०, हप्ता जमला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख. एकेका वावरात जाऊन मोजणी करायची तर खर्च हप्त्याच्या वर जातो. शिवाय पीक पावसाने गेलं की दुर्लक्षाने, ते कोण ठरवणार? दांडेकरांचं उत्तर सरळ होतं. एकेक शेत मोजू नका. सारखी जमीन, सारखा पाऊस असलेलं क्षेत्र धरा, तिथे पीक कापणी प्रयोग करा (नमुन्याच्या तुकड्यांतलं पीक कापून मोजा), क्षेत्राचं उत्पन्न नेहमीपेक्षा खाली गेलं तर त्यातल्या सगळ्या विमाधारकांना एकाच दराने भरपाई द्या. १९७९ चा पथदर्शी विमा त्याच तत्त्वावर उभा राहिला. पुढे १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, सगळ्यांचा पाया तोच. म्हैसूर संस्थानात जे. एस. चक्रवर्ती यांनी तर १९२० च्या सुमारास पावसाच्या मोजणीवर विमा द्यायची पूर्ण आखणी मांडली होती. हवामानावर आधारित विमा आपल्याकडे सुरू झाला २००७ मध्ये. म्हणजे एक कल्पना तीन वर्षांत योजनेत उतरली आणि दुसरी पाऊणशेपेक्षा जास्त वर्षं कपाटात राहिली.

पहिली इतक्या लवकर का उतरली? दांडेकर थोर होते म्हणून, हे आहेच. पण त्यांनी मांडणी केली त्याच वेळी गुजरातचा प्रयोग तोट्यात बुडत होता आणि हिशेब ठेवणाऱ्यांना दुसरा रस्ता हवा होता. त्यांच्या मांडणीत तो रस्ता तयार होता: मोजायचं काय, कुठे, भरपाई कोणत्या दराने. खात्याला त्यातून थेट आदेश लिहिता आला.

आता रावेरला या. काही वर्षांपूर्वी जानेवारीत थंडीची लाट येऊन गेली, तेव्हा मी एका केळीच्या बागेत उभा होतो. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) तोंडावर. पानं कडेने पिवळी पडून करपत चाललेली, पोंग्यातून वर येऊ बघणारा घड मध्येच अडकलेला. आपल्याकडे याला चरका म्हणतात. शेजारी उभ्या असलेल्या आबांना मी सहज म्हटलं, "विमा आहे ना?" ते हसले. "विमा हाये सर. पण मशीन तठी, माह्यं वावर अठी. थंडी का मशीनले इचारून पडते?"

त्यांचं मशीन म्हणजे महसूल मंडळातलं (काही गावांच्या महसुली गटातलं) स्वयंचलित हवामान केंद्र. 'महावेध' प्रकल्पात राज्यभर अशी दोन हजारांवर केंद्रं बसली. फळपीक विम्यात पीक कापणी होत नाही, केंद्राचा आकडाच पंच. तापमान ठरलेल्या पातळीखाली सलग ठरलेले दिवस राहिलं तर भरपाई, नाही तर नाही. एका रात्रीसाठी आकडा अर्ध्या अंशाने वर राहिला की साखळी तुटली. आबांचं वावर नदीच्या काठाला, खोलगट भागात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उताराने खाली येते आणि अशा खोलगटात साचते. केंद्र मंडळाच्या गावात, उंचावर. त्यामुळे केंद्र खरा आकडा देतं आणि आबांचं नुकसानही खरं असतं. दांडेकरांचं 'सारखं क्षेत्र' हे जे गृहीतक, ते नेमकं इथे मोडतं. विम्याच्या शास्त्रात या तफावतीला नाव आहे, तिच्यावर भरपूर लिखाण आहे. आबांनी ते चार शब्दांत सांगितलं.

जिल्ह्यातल्या विद्यापीठाचं खरं काम मला इथे दिसतं. राष्ट्रीय धोरण कुठल्या तरी एककावर चालतं. कधी मंडळ, कधी तालुका, कधी जिल्ह्याची सरासरी, कधी बियाण्याची पिशवी. दिल्लीत बसलेल्या माणसाला ते एकक बरोबर वाटतं, कारण त्याला तिथून तेवढंच दिसतं. एकक जमिनीवर कुठे बसत नाही, ते गावात राहणाऱ्याला आणि मोजता येणाऱ्याला कळतं. आपण दोन्ही आहोत. भारतीय शेतीची समस्या या विषयावर आणखी एक निबंध आपण नाही लिहिला तरी चालेल.

तुमच्या दीडशे मुलाखतींचं काय करायचं, ते आता सांगता येईल. माझा अंदाज आहे की प्रबंधात त्या तालुक्यानुसार मांडल्या असतील, किंवा अल्पभूधारक, मध्यम, मोठे अशा. मार्गदर्शकांना तेच आवडतं. त्या मोडा आणि महसूल मंडळानुसार पुन्हा लावा, कारण योजना मंडळाची भाषा बोलते. प्रत्येक वावर केंद्रापासून किती लांब आणि केंद्राच्या मानाने किती उंच किंवा खोल, हे दोन रकाने वाढवा, मोबाइलवर होतं. मग ज्या वर्षी भरपाई नाकारली त्या वर्षीची नुकसानीची तक्रार खोलगट भागातूनच जास्त आली का, ते बघा. आली तर तुमच्या हातात एक वाक्य आहे. नाही आली तर तेही लिहा. मग दोष मशीनच्या जागेत नाही, आणि शोध दुसरीकडे घ्यायचा.

पुढचं पाऊल लोक हमखास चुकतात: निर्णय कुठे होतो ते न बघता दिल्लीला पत्र पाठवतात. फळपीक विम्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारच्या आहेत. हप्त्याच्या अनुदानाची मर्यादाही केंद्राची; खरीप २०२० पासून केंद्राने आपला वाटा जिरायत भागात ३० टक्के आणि बागायत भागात २५ टक्के हप्ता दरापर्यंतच देऊ केला, त्यावरचा भार खाली ढकलला गेला. पण कोणतं पीक, कोणतं मंडळ, किती अंशाला प्रमाणक (भरपाई लागू होण्याची पातळी) लावायचं, हे राज्य अधिसूचित करतं. २०२० मध्ये राज्याने केळीची प्रमाणकं बदलली तेव्हा जळगाव जिल्ह्यात केवढी ओरड झाली, आठवत असेल. ती ओरड रास्त होती आणि योग्य दारावर होती, म्हणून नंतर ती पुन्हा बदलावी लागली. तेव्हा तुमच्या निष्कर्षाचे दोन तुकडे करा. हवामान केंद्राच्या जागेचा आणि प्रमाणकाचा तुकडा पुण्याच्या कृषी आयुक्तालयाकडे. अनुदानाच्या मर्यादेचा तुकडा दिल्लीच्या कृषी मंत्रालयाकडे. दोन्ही एकाच पत्रात घातले तर दोन्हीकडे ते "आमच्या अखत्यारीतलं नाही" म्हणून बंद होतं. हे मी सोसून शिकलोय.

विमा सोडून जरा कापसाकडे वळतो, कारण तिथे उलटी शिकवण आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी देताना अट होती की शेतकऱ्याने बीटीभोवती साधा कापूसही लावावा, पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. म्हणजे बोंडअळीला आसरा मिळेल आणि तिच्यात प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची. आपल्याकडे तिला 'रेफ्युजी' म्हणतात. तिचं काय झालं, ते खान्देशातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रवाल्याला विचारा. पुडी बांधावर, नाही तर घराच्या कोनाड्यात. अळीसाठी पीक लावायचं, आपल्या वावरात, आपल्या पैशाने? लोकांनी ते केलं नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्यामागे पुडी हे एकच कारण नव्हतं, पण ते होतं. शेवटी पुडी बंद झाली आणि साधं बी बीटीच्या पिशवीतच मिसळून ४७५ ग्रॅमचं एक पाकीट आलं. शेतकऱ्याला वेगळं काही करावंच लागू नये, अशी सोय.

शास्त्रज्ञांचं गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. पुडी कोनाड्यात जाणार, हे गणितात नव्हतं. ते सांगायला कीटकशास्त्रज्ञ लागत नव्हता. गावातलं लग्न, सालदाराचा हिशेब, उधारीवर घेतलेलं बी हे सगळं माहीत असलेला समाजशास्त्राचा एखादा विद्यार्थी पुरला असता. आपल्या महाविद्यालयांतून समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राचे शेकडो लघुप्रबंध दर वर्षी होतात. त्यातले किती कोनाड्यातली पुडी बघायला गेले?

आता अवघड भाग. खान्देशात बागायती कापूस मे महिन्यातच लावायची जुनी सवय. लवकर लावलेला कापूस लवकर फुलतो, आणि मागच्या हंगामातून तगलेल्या गुलाबी अळीला आयतं खाद्य मिळतं. म्हणून बियाण्याची विक्री उशिरा खुली करायची, असा निर्बंध राज्याने आणला. आपल्या शेतकऱ्याला तो आवडत नाही. पाणी हाताशी असताना थांबायचं कशाला, आणि शेजारच्या राज्यातून बी येतंच की. इथे तुमचा अभ्यास शेतकऱ्याच्या विरुद्ध गेला तर? जाऊ द्या. मी गावातल्या सभेत असं एकदा बोललो होतो, आणि ज्या घरी उतरलो होतो तिथे त्या रात्री जेवताना कुणी फारसं बोललं नाही. तरी दुसऱ्या वर्षी बोलावणं आलं. जे नेहमी आपल्याच बाजूने बोलतं त्या विद्यापीठावर मंत्रालय विश्वास ठेवत नाही, आणि गावही मनातून ठेवत नाही.

नंदुरबारचं बोलायलाच हवं, तुम्ही तिथेच आहात. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेत जवळपास ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत. त्यामुळे दिल्लीहून आकडे मागायला येणाऱ्यांची इथे वाण नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्हावार आकडे मिळू लागले तेच मुळी २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून. आणि जिल्ह्याचा आकडा म्हणजे शहादा, नवापूरची पाटाखालची गावं आणि अक्राणीतले (धडगाव तालुक्यातले) तोरणमाळपलीकडचे पाडे यांची एकत्र सरासरी. शहाद्याच्या उसाने धडगावची कुपोषित पोरं झाकली जातात, असं एक आरोग्यसेविका मला म्हणाली होती. आबांच्या वावरासारखंच झालं की हे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागातल्या ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचं उद्दिष्ट. भारतात तांबड्या रक्तपेशींचा हा आजार प्रथम नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. मधली एकाहत्तर वर्षं नुसती गेली नाहीत. महाराष्ट्रात राज्याचा कार्यक्रम आधीपासून होता आणि सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे हे इथल्या डॉक्टरांना केव्हापासून ठाऊक होतं. तरी राष्ट्रीय मोहीम व्हायला इतका काळ लागला. यावर चिडायचं तर चिडा. मी चिडून झालोय.

आता त्या मोहिमेचं एकक बघा: किती जणांची तपासणी झाली. तपासणी झाली की रकाना भरतो. पण आजार आनुवंशिक आहे. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे खरं काम कार्ड हातात दिल्यावर सुरू होतं. ते कार्ड मुलीच्या लग्नाच्या बोलणीत बाहेर निघतं की पेटीच्या तळाशी जातं? समुपदेशन मराठीत होतं की पावरीत? 'वाहक' म्हणजे आजारी नव्हे, हे सांगायला पावरीत कोणता शब्द वापरतात? हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाच्या गोळ्या मोलगीसारख्या ठिकाणी पुढच्या महिन्यातही मिळतात का? यातल्या एकालाही प्रयोगशाळा लागत नाही. भाषा जाणणारा विद्यार्थी लागतो, आणि तो तुमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेला असतो, मराठी कच्चं म्हणून गप्प. राष्ट्रीय संस्थेला असा माणूस शोधून, मानधन देऊन, दुभाषी म्हणून न्यावा लागतो.

पाण्याचं मी थोडक्यातच सांगतो, कारण त्यावर बोलायला लागलो की थांबत नाही. शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून, त्यावर बंधारे घालून जे काम केलं ते खरंच बघण्यासारखं आहे. पण तापीकाठच्या त्या पट्ट्यात गाळाचे जाड थर आहेत. तोच नमुना उचलून कठीण काळ्या पाषाणावर नेला की हिशेब बदलतो. नमुन्याला 'पॅटर्न' म्हटलं की लोक खालचा खडक विसरतात. तसंच सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा: यावल, रावेर, चोपड्याच्या उत्तरेला दगडगोट्यांचे, जाड वाळूचे थर, पाणी पिऊन घेणारे. तापीच्या पुराचं पाणी तिथे जिरवायच्या महापुनर्भरण प्रकल्पावर मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा करार झाला. पाणी कुठे शिरतं, कुठे निघतं, कुणाच्या विहिरीला लागतं, हे वर्षानुवर्षं मोजायला इथलंच विद्यापीठ लागेल. ठेकेदार काम संपल्यावर जातो. आणि साक्रीकडे पांझऱ्यावरची फड पद्धत अजून कुठे कुठे धुगधुगी धरून आहे. पाटकरी पाणी देतो, फडात एकच पीक, पाणी कमी तर फड कमी. शेतकऱ्यांकडे सिंचन सोपवायचा कायदा राज्याने २००५ मध्ये केला, पांझरेकाठी ते काही शतकं चालू होतं.

आता कार्यपद्धतीचं. केंद्राच्या पातळीवर शिरकाव करायच्या ज्या वाटा खरोखर उघड्या आहेत, त्या फार नाहीत. २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. ते पाळलं जातंच असं नाही, पण ठेवला जातो तेव्हा बहुतेक प्राध्यापकांना तो मुदत संपल्यावर कळतो. तुमच्या विषयाच्या दोन-तीन मंत्रालयांची संकेतस्थळं आठवड्यातून एकदा बघायचं काम एखाद्या विद्यार्थ्याला द्या. दुसरी वाट संसदेच्या विभागीय स्थायी समित्यांची. अशा २४ समित्या आहेत. विधेयक किंवा विषय हाती घेतला की त्या लेखी निवेदनं मागवतात. तिथे आलेलं निवेदन निदान सचिवालयात वाचलं जातं आणि चांगलं असेल तर साक्षीला बोलावणं येऊ शकतं. निवेदन कलमवार लिहा: अमुक कलम, त्यातले हे शब्द, त्याऐवजी हे शब्द, कारण तीन ओळीत. विद्यापीठाची थोरवी सांगणारा पहिला परिच्छेद सरळ कापा.

तिसरी वाट फार कमी लोक वापरतात. आपल्या भागात लोकसभेचे चार मतदारसंघ: जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार. लोकसभेत दर बैठकीला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर येतात. अतारांकितला लेखी उत्तर मिळतं आणि ते अधिकृत असतं. खासदार कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्या कार्यालयाला नीट घडवलेला प्रश्न हवाच असतो. माझ्या एका विद्यार्थ्याने असा प्रश्न लिहून दिला. माहितीच्या अधिकारात आठ महिने फिरून जी आकडेवारी मिळत नव्हती, ती त्या उत्तराच्या परिशिष्टात आली. प्रश्न लिहिणं ही कला आहे. "सरकार काय करत आहे?" असं विचारलं की "सरकार कटिबद्ध आहे" असं उत्तर येतं. "मंडळनिहाय दावे किती, नाकारले किती, कारण कोणतं?" असं विचारा.

विद्यापीठाच्या आतल्या अडचणी तुम्हाला ठाऊकच आहेत. आपलं जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० चं, २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाचं. शंभर वर्षांच्या संस्थांसारखी त्याची दिल्लीत ओळखपाळख नाही. देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, त्यातला फारच थोडा राज्य विद्यापीठांच्या वाट्याला येतो. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने पाच वर्षांत ५०,००० कोटींचं चित्र मांडलं, पण त्यात मोठा भाग खाजगी क्षेत्राकडून यायचा आहे, आणि खाजगी क्षेत्र धडगावच्या समुपदेशनात पैसे घालेल असं मला वाटत नाही. बढतीला शोधनिबंध मोजतात, टिपण मोजत नाहीत. यावर माझ्याकडे तोडगा नाही. शोधनिबंधही लिहा आणि टिपणही, असंच सांगेन. एकाच सामग्रीतून दोन्ही निघतात. एक मात्र जपा. विमा कंपनीकडून किंवा तिच्या सल्लागाराकडून "आम्ही खर्च देतो, आकडे द्या" असा निरोप येईल. आकडे सगळ्यांना खुले करा, मग त्यांनाही मिळतील. खर्च घेऊ नका.

राहिला भाषेचा प्रश्न. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं होतं. मसुद्यावर मत द्यायला तो वाचता आला पाहिजे, एवढी साधी गोष्ट, आणि त्यासाठी न्यायालयात जावं लागलं. पुण्याला जाणारं टिपण मराठीतच लिहा. आयुक्तालयातली फाइल मराठीत चालते. इंग्रजी टिपणाचा कुणीतरी घाईत सारांश काढतो आणि त्यात तुमचं एकमेव महत्त्वाचं वाक्य गळतं. दिल्लीचं इंग्रजीत किंवा हिंदीत. गावात वाचून दाखवायचं ते गावाच्या बोलीत, आणि हे सगळ्यात आधी. आबांसारखा माणूस "हां, असंच हाये" म्हणाला तर पुढे पाठवा. तो "असं नाही हो" म्हणाला, तर पुण्याच्या गाडीचं तिकीट काढू नका अजून.

पुढच्या फळपीक विम्याची प्रमाणकं ठरायच्या आधी, म्हणजे पावसाळा सुरू व्हायच्या आत, हे झालं पाहिजे. टिपण लिहिलंत की मलाही दाखवा. वर योजनेचं नाव आणि कलम, मध्ये तुमचं एक वाक्य, खाली मंडळांचा लहानसा तक्ता. अर्ध्या पानाच्या पुढे गेलं तर मी वाचणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.